बिननावाचा होस्टा ओळखायचा कसा?

अमेरिकेत किंवा कॅनडात जुनं घर विकत घेतलं, की किल्ल्या मिळतात, गॅरेजचा रिमोट मिळतो, भट्टीच्या दुरुस्तीचे कागदही मिळतात. परसातल्या झाडांची यादी मात्र कोणी देत नाही. उत्तरेच्या भिंतीलगत, मेपलच्या सावलीत होस्टा या शोभेच्या झाडाचे रुंद पानांचे गड्डे पसरलेले असतात आणि त्यांची नावं विचारायला आधीचा मालक सापडत नाही. मंडळातल्या मैत्रिणीनं “घेऊन जा गं, माझ्याकडे फार झालाय” म्हणत दिलेला गड्डाही तसाच नावाविना येतो. इथल्या बागवाल्यांच्या बोलीत अशा झाडाला ‘नोआयडी’ म्हणतात.

होस्टाच्या नोंदलेल्या जाती हजारोंनी आहेत हे ऐकून हात टेकू नका. जुन्या घरांच्या आवारात त्यातल्या पंधरा-वीसच पुन्हापुन्हा भेटतात. त्या स्वस्त होत्या, भराभर वाढायच्या आणि शेजारीपाजारी वाटल्या गेल्या. तेव्हा आधी या नेहमीच्या नावांशी ताडून पाहायचं. दुर्मिळ नावांचा मोह शेवटी.

१. आधी तो होस्टाच आहे ना, ते बघा

भारतातून आलेली आई पहिल्यांदा हमखास विचारते, “हे अळू का?” पान उलटं करून दाखवा. अळूचा देठ पानाच्या पोटाला, कडेपासून आत जोडलेला असतो. होस्टाचा देठ पानाच्या बुडाला येतो, वरून खोलगट असतो, आणि शिरा बुडापासून निघून कडेच्या वळणानं जात टोकाशी एकत्र येतात. लिली ऑफ द व्हॅलीची पानं लहान होस्टासारखी दिसतात, पण ती जमिनीखालून धावत जागा व्यापते. होस्टा एका जागी गड्डा करून बसतो. हा फरक महत्त्वाचा, कारण होस्टाचे कोवळे कोंब जपानमध्ये ‘उरुई’ म्हणून खातात आणि लिली ऑफ द व्हॅली विषारी असते. (कुत्र्यामांजरांना होस्टाही बाधतो. हरणांना मात्र काही होत नाही, ती वाफेच्या वाफे साफ करतात.)

२. रोग नाही ना?

शिरांच्या कडेनं शाई फुटल्यासारखे गडद किंवा फिके ओघळ दिसत असतील आणि तिथला पोत बसका, सुरकुतलेला असेल, तर नाव शोधत बसू नका. तो ‘होस्टा व्हायरस एक्स’ असण्याची शक्यता मोठी आहे. १९९६ मध्ये मिनेसोटा विद्यापीठात तो पहिल्यांदा ओळखला गेला. ‘ब्रेकआउट’, ‘लेपर्ड फ्रॉग’ अशा नावांनी विकली गेलेली ‘नवी’ नक्षीदार झाडं प्रत्यक्षात याच विषाणूनं रंगलेली निघाली. हा झाडाच्या रसातून पसरतो आणि त्यावर औषध नाही, म्हणून असा गड्डा मुळांसकट काढून कचऱ्यात टाका, कंपोस्टमध्ये नको. निरोगी दिसणाऱ्या झाडांचं पान कापतानाही एका गड्ड्यावरून दुसऱ्याकडे जाण्याआधी कात्री साबणानं धुऊन ब्लीचच्या पाण्यात बुडवून घ्या.

३. वय आणि ऋतू

कोवळ्या झाडावरून नाव सांगणं म्हणजे अंदाजपंचे काम. होस्टाला पूर्ण रूपात यायला चार-पाच वर्षं लागतात. तोवर पानं लहान, अरुंद आणि गुळगुळीत असतात. नुकताच तोडून लावलेला गड्डाही काही काळ पोरवयात परत जातो. त्यामुळे शक्यतो वाफ्यातला सगळ्यात जुना, न हलवलेला गड्डा निवडा.

रंगावर तर एका भेटीत विश्वास ठेवूच नका. ‘गोल्ड स्टँडर्ड’ वसंतात हिरवा उगवतो आणि नंतर त्याचा मधला भाग पिवळा होत जातो. ‘फॉर्च्युनाय अल्बोपिक्टा’ उलटा, मधोमध पिवळा उगवून उन्हाळ्यात हिरवा होतो. निळा होस्टा तर मुळात निळा नसतोच. पानावर मेणाचा थर असतो, त्यामुळे तो तसा दिसतो. अंगठ्यानं हलकेच चोळा, खालून हिरवं पान निघेल. ऊन-पावसानं हा थर झिजत जातो, म्हणून जूनमधला निळा होस्टा ऑगस्टमध्ये ओळखू येत नाही. एकाच झाडाचे एप्रिल-मेमध्ये कोंब फुटताना, जूनच्या मध्यावर आणि फुलं आल्यावर असे तीन वेळा फोटो काढा.

४. वहीत काय टिपायचं

पानांच्या गड्ड्याची उंची आणि घेर. पूर्ण वाढलेल्या पानाची लांबी-रुंदी. मधल्या शिरेच्या एका बाजूला किती शिरा आहेत. पान जाड चामड्यासारखं की पातळ. पाठ चकाकते, पांढुरकी आहे की साधी. देठावर बुडाशी जांभळे-लाल ठिपके आहेत का. दुसरा रंग कडेला आहे की मध्ये. शिरांची संख्या सगळ्यांत भरवशाची. झाड उन्हात असो वा सावलीत, जाणत्या गड्ड्यात ती फारशी बदलत नाही.

फोटो ढगाळ वेळी काढा, शेजारी मोजपट्टी आणि पांढरा कागद ठेवा. कडक उन्हातल्या फोटोत पिवळा आणि पोपटी यांतला फरक पुसला जातो.

५. फुलाची वाट पाहा

लोक इथे आळस करतात आणि इथेच निम्मी उत्तरं असतात. फुलोरा किती तारखेला सुरू झाला, दांडा पानांच्या किती वर गेला, दांड्यावर पानासारखी पालवी आहे का, हे लिहा. परागकोशाचा रंग पाहायचा तर उमलण्याच्या बेतात असलेली कळी हळूच फोडा. उमलल्यावर पराग सगळं झाकून टाकतात. परागकोश पिवळे की जांभळे, एवढ्यावर कधीकधी दोन जुळी भावंडं वेगळी होतात.

सुगंध आला तर काम निम्मं झालं. होस्टात खरा सुवास चीनमधल्या ‘प्लँटाजिनिया’चा आणि त्याच्या वंशजांचा. मोठी, पांढरीशुभ्र, संध्याकाळी उमलणारी फुलं ऑगस्टमध्ये आली तर तोच समजा. फूल त्याहून लहान पण सुवासिक असेल तर ‘रॉयल स्टँडर्ड’ ताडून पाहा. पान पोपटी आणि कडेला गडद हिरवं असेल तर ‘ग्वाकामोले’. संध्याकाळच्या वासानं निशिगंध आठवला तर नवल नाही, दोघं एकाच शतावरी कुळातले आहेत.

६. नेहमीचे संशयित

सगळ्यात जास्त गोंधळ हिरवं पान, पांढरी कड या जोडीत होतो. पान पातळसर, किंचित लाटांचं, कड मलईच्या रंगाची आणि फुलदांड्यावर पानासारखी पालवी असेल, तर तो बहुधा जुना ‘अंड्युलाटा अल्बोमार्जिनाटा’. रस्त्याकडेच्या रांगांमध्ये हाच जास्त दिसतो. पान गडद हिरवं, कड अरुंद आणि स्वच्छ पांढरी असेल तर ‘फ्रान्सी’. कड अंगठ्याएवढी रुंद झाली की ‘पेट्रियट’, जो फ्रान्सीतूनच निपजलेला आहे. पान त्याहून जाड, काळपट हिरवं आणि वाटीसारखं वळलेलं दिसलं तर ‘मिनिटमन’. हाही फ्रान्सीचाच वंशज. पेट्रियट आणि मिनिटमन शेजारी लावून पाहिल्याशिवाय ठामपणे सांगणाऱ्यावर माझा फारसा विश्वास नाही.

पांढरं मध्ये आणि हिरवं कडेला, पान पिळलेलं, आणि त्याच गड्ड्यात काही फुटवे निव्वळ हिरवे असतील तर तो ‘अंड्युलाटा’. तो असा हिरव्याकडे परततच असतो.

मोठा निळा, सुरकुतलेला, आणि पांढुरकी फुलं पानांच्या जेमतेम वर: ‘सीबोल्डियाना एलिगन्स’. त्यालाच रुंद पिवळी कड असेल तर ‘फ्रान्सिस विल्यम्स’. १९३६ मध्ये कनेटिकटमधल्या ब्रिस्टल नर्सरीत फ्रान्सिस विल्यम्स यांना निळ्या रोपांच्या रांगेत हे एक वेगळं रोप दिसलं. त्याची पिवळी कड वसंतात करपून तपकिरी होते. नर्सरीवाल्याला हा दोष वाटतो, ओळखणाऱ्याला ती खूण असते. पिवळ्यांत पान प्रचंड, जाड, चकचकीत आणि पाठ पांढुरकी असेल तर ‘सम अँड सबस्टन्स’. मध्यम आकाराचं, निस्तेज पान असेल तर ‘ऑगस्ट मून’. फुलदाणीसारखा उभा, निळसर करडा गड्डा आणि माणसाच्या खांद्याला लागणारे फुलदांडे म्हणजे ‘क्रॉसा रीगल’.

७. पडताळा

दोन-तीन नावं उरली की इंटरनेटवरच्या फोटोंशी टिपणं जुळवा. फक्त विक्रेत्यांच्या फोटोंवर जाऊ नका, त्यांचे रंग चढवलेले असतात. त्याहून चांगलं म्हणजे जवळच्या पाट्या लावलेल्या बागेत एक पान आणि वही घेऊन जाणं. अमेरिकन होस्टा सोसायटी १९६८ पासून आहे आणि तिच्याशी जोडलेल्या गावोगावच्या मंडळांची वसंतात झाडविक्री असते. तिथले आजी-आजोबा पान हातात घेऊन उलटं करतात आणि बोलायला लागतात.

काही गड्ड्यांना नाव मिळणारच नाही. होस्टा बियांतून आईसारखा येत नाही. ‘व्हेंट्रिकोसा’ हा त्याला मोठा अपवाद: जांभळ्या घंटांसारखी फुलं, पानाची पाठ चकचकीत. इतर मोठ्या गड्ड्याच्या पायथ्याशी आपोआप उगवलेलं रोप कितीही ‘हॅल्सियन’ या निळ्या जातीसारखं दिसलं तरी तो हॅल्सियन नव्हे. त्याला तसं नाव देऊन कोणाला वाटू नका.

नाव ठरलं की पाटीवर खात्रीची पातळीही लिहा: ‘पेट्रियट’, ‘बहुधा पेट्रियट’ किंवा ‘नोआयडी, पांढरी कड, पूर्वेचा वाफा’. मार्करची शाई उन्हानं उडते. धातूच्या पट्टीवर साध्या शिसपेन्सिलीनं लिहिलेलं टिकतं. पट्टी गड्ड्याच्या नेहमी एकाच बाजूला खोचा, आणि वाफ्याचा नकाशा वहीत काढून ठेवा, कारण हिवाळ्यात बर्फ काढताना पट्ट्या हटकून उपटल्या जातात.