रिपेअर केल्यावर गिटारचा आवाज बदललाय? पुन्हा उघडायच्या आधी हे करून बघा

माझी स्ट्रॅट टाइप गिटार आहे, तीन सिंगल कॉइलवाली (म्हणजे तारांचा आवाज पकडणारे एकेरी गुंडाळीचे तीन पिकअप), नोकरी लागल्यावर पहिल्या वर्षी साठवलेल्या पैशातून घेतलेली. मागच्या पावसाळ्यात व्हॉल्यूम फिरवला की खरखर यायला लागली आणि जॅक इतका लूज झाला की केबल हातानं धरून वाजवायला लागायचं. एका दुकानात दिली, दोन दिवसांत परत मिळाली, खरखर गेली, जॅक घट्ट. पण घरी आणून नेक पिकअपवर (गिटारच्या मानेकडचा) एक कॉर्ड वाजवला आणि पोटात गोळाच आला, तो गोलसर आवाज गायब, त्याजागी काहीतरी टोकदार, कानाला टोचणारं. दोन आठवडे मी नुसता चिडचिड करत होतो. त्यानंतर जे केलं ते लिहितोय, म्हणजे तुमचे दोन आठवडे वाचतील.

गिटार अजून उघडली नसेल तर आधी रेकॉर्डिंग करा. मोबाइलवर चालेल, ॲम्पची सगळी नॉब होती तिथेच ठेवायची, त्यांचा फोटो काढायचा, मोबाइल ठेवला ती जागा लक्षात ठेवायची आणि सिलेक्टरच्या (पिकअप निवडायच्या स्विचच्या) पाचही पोझिशनवर तेच चार कॉर्ड वाजवायचे. मी हे केलं नव्हतं, नशीब एका जुन्या जॅमिंगची क्लिप सापडली. आवाजाची आठवण फार फसवी असते राव, दोन आठवड्यांत मी जुना आवाज मनातल्या मनात आणखी गोड करून ठेवला होता. ऐकताना दोन्ही क्लिप सारख्याच मोठ्या आवाजात ऐका, जी जरा मोठी असेल तीच कानाला चांगली वाटते, हे सगळ्यांचंच होतं.

आता पहिला संशय तारांवर. दुकानात गिटार दिली की बऱ्याचदा नवीन तारा चढवूनच परत मिळते, आणि आपल्या जुन्या तारा घाम आणि दमट हवेनं मेलेल्या असतात, त्या मेलेल्या आवाजाचीच आपल्याला सवय झालेली असते. नवीन तारांचा आवाज चकाकतोच. त्यामुळे आठवडाभर रोज वाजवा, मग ठरवा. गेज (तारांची जाडी, सगळ्यात बारीक ते सगळ्यात जाड तार, इंचाच्या हजाराव्या भागात) पण बघा, आधी १०-४६ होत्या आणि आता ९-४२ बसवल्या असतील तर आवाज पातळ वाटणारच, त्यात पॉटचा (व्हॉल्यूम-टोन नॉबच्या खालचा पार्ट) काही दोष नाही.

दुसरं पिकअपची उंची. पिकअप बसवलेली पुढची प्लेट काढून परत बसवली की पिकअप हमखास वर-खाली होतात. शेवटच्या फ्रेटवर तार दाबून धरायची आणि तारेच्या खालच्या बाजूपासून पिकअपच्या चुंबकापर्यंत पट्टीनं मोजायचं, जाड तारेकडे साधारण २ मिमी आणि बारीक तारेकडे १.६ मिमी इथून सुरुवात करा, मग कानाला पटेल तसं अर्धा अर्धा आटा फिरवा. फार जवळ आणला तर चुंबक तारेला ओढतो, वरच्या फ्रेटवर सूर हलल्यासारखा वाटतो आणि माणूस इंटोनेशन (प्रत्येक फ्रेटवर सूर बरोबर येणं) लावत बसतो. फार लांब गेला तर आवाज बारका आणि लांबून आल्यासारखा. माझ्याकडे नेक पिकअप बराच खाली गेला होता. वर घेतल्यावर निम्मं दुःख तिथंच संपलं, खर्च शून्य.

उरलेलं निम्मं मात्र आतच होतं. सिंगल कॉइलला साधारण २५० के (किलोओहम) चे पॉट लावतात आणि हंबकरला (दोन कॉइलचा पिकअप) ५०० के चे. पॉट फुल असला तरी पिकअपवर त्याचा भार असतोच, आकडा जितका मोठा तितका भार कमी आणि तितका जास्त ट्रेबल (आवाजाचा तीक्ष्ण भाग) बाहेर पडतो. मी प्लेट उघडली तर नवीन व्हॉल्यूम पॉटवर बी ५०० के लिहिलेलं. दुकानदाराला दोष देण्यात अर्थ नाही, त्याच्याकडे होता तो लावला, मीच विचारलं नव्हतं. वर ते 'बी' म्हणजे लिनियर (आकडा सरळ रेषेत बदलतो), 'ए' म्हणजे लॉग (कानाला एकसारखं वाटेल असा बदलतो). लिनियरमुळे नॉब १० वरून ५ पर्यंत आणला तरी फारसं काही होत नाही आणि शेवटी एकदम आवाज पडतो. ओव्हरड्राइव्ह (पेडलचा फाटका आवाज) साफ करायला मी व्हॉल्यूम ७ वर आणायचो, ती सवयच बंद पडली होती, आणि मी म्हणत होतो की पेडल बिघडलं.

उघडताना आधी तारा पूर्ण काढा, प्लेटचे स्क्रू डबीत ठेवा आणि वायरिंगचे चार बाजूंनी फोटो काढा. बॉडीवर जुना टॉवेल टाका, सोल्डरचा एक थेंब पॉलिशवर पडला की आयुष्यभर दिसतो.

लगेच पॉट बदलू नका, आधी स्वस्तातली परीक्षा घ्या. ४७० के चा एक रेझिस्टर व्हॉल्यूम पॉटच्या दोन बाहेरच्या पायांमध्ये जोडायचा, ५०० आणि ४७० समांतर म्हणजे साधारण २४२ के, झाला २५० च्या जवळ. पुण्यात असाल तर पासोड्या विठोबाजवळ, मुंबईत लॅमिंग्टन रोडला कुठल्याही पार्टच्या दुकानात रुपया-दोन रुपयांत मिळतो. तो लावल्यावर टोचणारा आवाज गेला, म्हणजे चोर सापडला. नॉबची वागणूक मात्र तशीच राहिली, ती रेझिस्टरनं सुधारत नाही, म्हणून नंतर ए २५० के चा पॉट मागवला. मागवताना दांड्याची जाडी आणि खाचा बघा, नाहीतर जुना नॉब बसत नाही. टोनचा कपॅसिटर बदललाय का तेही बघून घ्या, २२३ म्हणजे ०.०२२ मायक्रोफॅरड आणि ४७३ म्हणजे ०.०४७, टोन नॉब खाली केल्यावर दोघांचा फरक चांगलाच कळतो.

पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावायला १५-२५ वॉटची गन पुरत नाही, पाठ सगळी उष्णता खाते, आपण मिनिटभर टेकवून बसतो आणि पॉट आतून जळतो. ४० वॉटची घ्या, पाठ आधी सँडपेपरनं घासा, फ्लक्स लावा, तीन-चार सेकंदांत काम झालं पाहिजे. थंड झाल्यावर टाका मळकट, दाणेदार दिसला तर तो ड्राय सोल्डर, परत मारा. आणि खरखर काढायला घरातला गंजाचा स्प्रे पॉटमध्ये मारू नका, कॉन्टॅक्ट क्लीनरच वापरा.

बंद करण्याआधी मल्टीमीटर लावा. गिटारला केबल जोडा, व्हॉल्यूम फुल, दुसऱ्या टोकाच्या जॅकच्या टोकावर आणि दांड्यावर प्रोब ठेवून एकेक पिकअप बघा. सिंगल कॉइलला साधारण ५ ते ७ के यायला हवं. २५० के च्या आसपास दाखवत असेल तर तो पॉटचा आकडा आहे, म्हणजे पिकअपची वायर कुठेतरी तुटलीय. आकडे बरोबर असून दुसऱ्या-चौथ्या पोझिशनवर आवाज नाकातून आल्यासारखा पोकळ येत असेल तर एका पिकअपच्या दोन वायरी उलट्या लागल्यात, त्या अदलाबदल करा.

तारांना हात लावला की हम (मागची गुणगुण) कमी होतो हे नॉर्मल आहे. पण हाताला मुंग्या किंवा झटका लागत असेल तर वाजवणं लगेच थांबवा आणि घरातलं अर्थिंग तपासून घ्या. आणि ॲम्प स्वतः उघडू नका, ट्यूबवाला तर अजिबात नाही, प्लग काढल्यावरही आत शेकडो व्होल्ट राहू शकतात.

शेवटी मी बायकोला हेडफोन दिले आणि न सांगता जुनी आणि नवीन क्लिप उलटसुलट करून सहा वेळा ऐकवली. तिनं तीनदा जुनीला नवीन म्हटलं, आणि चौथ्यांदा विचारलं की हे दोन वेगळे आहेत का मुळात.