ड्रम किटला जवळून माईक लावताना

ड्रमच्या ध्वनिमुद्रणाकडे वळणारा प्रत्येक नवखा माणूस कोणता माईक घ्यावा या प्रश्नाने सुरुवात करतो. या प्रश्नाचे उत्तर फारसे अवघड नाही, म्हणून ते आधीच उरकून टाकते. स्नेअरसाठी, म्हणजे खाली तारा लावलेल्या ड्रमसाठी, शुअरचा एसएम ५७ घ्यावा. १९६५ पासून मिळत असलेला हा डायनॅमिक माईक कितीही जोराचा फटका निमूटपणे सोसतो. किकसाठी, म्हणजे पायाने वाजवायच्या मोठ्या ड्रमसाठी, एकेजीचा डी ११२ किंवा शुअरचा बीटा ५२ यांपैकी जो हाती लागेल तो चालतो. टॉमसाठी, म्हणजे बाकीच्या ड्रमसाठी, सेनहायझरचा एमडी ४२१ परवडला तर उत्तम, नाही तर रिमलाच, म्हणजे ड्रमच्या कडेलाच, अडकवता येणारा ई ६०४ पुरेसा होतो. ओव्हरहेडसाठी, म्हणजे किटच्या वर लावायच्या माईकसाठी, मात्र बारीक आवाजही टिपणाऱ्या कंडेन्सर माईकची जोडी हवी. यांतले निम्मे नसले तरी काम अडत नाही. नागपुरात लग्नाच्या ऑर्केस्ट्रांना आणि कॉलेजच्या गॅदरिंगला भाड्याने माईक देणारे लोक आहेत, त्यांच्याकडून दोन दिवसांसाठी माल आणून शिकता येते. शिकण्यापूर्वी खरेदीसाठी कर्ज काढणे मला मान्य नाही.

खरी अडचण माईक लावून झाल्यावर सुरू होते. जवळून माईक लावण्याचा अर्थ नवखे लोक असा घेतात की स्नेअरचा माईक फक्त स्नेअर ऐकेल, टॉमचा फक्त टॉम ऐकेल आणि नंतर मिक्स करताना प्रत्येकाचे स्वतंत्रपणे काहीही करता येईल. प्रत्यक्षात किटवरचा प्रत्येक माईक संपूर्ण किट ऐकत असतो. फरक एवढाच की समोरचे वाद्य त्याला मोठ्याने आणि आधी ऐकू येते, बाकीची हळू आणि उशिरा. या ‘उशिरा’ शब्दातच सगळा घोटाळा दडलेला आहे आणि मी स्वतः त्यात बराच काळ अडकले होते, म्हणून त्याबद्दल जरा सविस्तर लिहिते. बाकीचे मुद्दे थोडक्यात आटोपले तरी चालतील.

आवाज साधारण तापमानाला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो, म्हणजे एक मिलिसेकंदात सुमारे ३४ सेंटिमीटर. आता स्नेअरच्या हेडपासून, म्हणजे वाजवायच्या पडद्यापासून, तुमचा जवळचा माईक ५ सेंटिमीटरवर आहे आणि ओव्हरहेड १ मीटरवर आहे असे समजा. दोन्ही अंतरांतला फरक ९५ सेंटिमीटर झाला, म्हणजे स्नेअरचा तोच फटका ओव्हरहेडमध्ये जवळजवळ २.८ मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. कानाला हा उशीर वेगळा ऐकू येत नाही. परंतु दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवले की १८० हर्ट्झच्या आसपासची लहर एका ट्रॅकमध्ये वर चढत असताना दुसऱ्यात खाली उतरत असते आणि दोन्ही एकमेकींना खाऊन टाकतात. चौदा इंची स्नेअरचा भरणा साधारणपणे १५० ते २५० हर्ट्झच्या पट्ट्यातच असतो. म्हणजे एकट्याने ऐकताना भरदार वाटणारा स्नेअर ओव्हरहेड वर करताच पत्र्याच्या डब्यासारखा वाजू लागतो. मग नवखा माणूस आवाजातले पट्टे कमी-जास्त करणारा इक्वलायझर उघडतो आणि २०० हर्ट्झ सहा डेसिबलने वाढवतो. जी लहर एकमेकांत विरून गेली आहे, ती वाढवण्यासारखी तिथे उरलेलीच नसते. वाढतो तो आजूबाजूचा गढूळपणा.

यावर पहिला उपाय म्हणजे प्रीॲम्पवर (माईकचा आवाज वाढवणाऱ्या यंत्रावर) किंवा संगणकातल्या ट्रॅकवर असलेले पोलॅरिटीचे बटण. शून्यावर तिरपी रेघ मारलेली ती खूण बहुतेकांनी पाहिलेली असते, पण दाबून ऐकलेली नसते. ते दाबल्यावर लहर उलटी होते, वरचे खाली आणि खालचे वर. वरच्या उदाहरणात स्नेअरचा ट्रॅक उलटा केला की १८० हर्ट्झजवळ जिथे खळगा होता तिथे भर येते आणि खळगा ३६० हर्ट्झजवळ सरकतो, जिथे तो फारसा जाणवत नाही. येथे एक गोष्ट नीट समजून घ्यावी: बटणाने उशीर नाहीसा होत नाही. पोलॅरिटी ही उलटे-सुलटेपणाची बाब आहे आणि फेज ही वेळेची बाब आहे. बटण दाबल्याने नुकसान अधिक सोयीच्या जागी हलवता येते, एवढेच. नुकसान मुळातून कमी करायचे असेल तर माईकची जागाच बदलावी लागते.

स्नेअरला वरून आणि खालून असे दोन माईक लावत असाल तर मात्र बटणाविषयी शंकेला जागा नाही. काठी पडते तेव्हा वरचे हेड वरच्या माईकपासून दूर जाते आणि त्याच क्षणी खालचे हेड खालच्या माईककडे झेपावते, म्हणून दोघांच्या लहरी जन्मतःच एकमेकींच्या विरुद्ध असतात. खालचा माईक उलटा करावाच लागतो. एक फटका मुद्रित करून दोन्ही ट्रॅक पडद्यावर मोठे करून पाहिले की वरच्या ट्रॅकचे पहिले टोक एका दिशेला आणि खालच्याचे दुसऱ्या दिशेला गेलेले स्पष्ट दिसते. हे चित्र एकदा डोळ्यांनी पाहिले की पुन्हा विसरले जात नाही.

दुसरा उपाय सुतळीचा आहे आणि स्टुडिओतल्या कोणत्याही महागड्या वस्तूपेक्षा माझा त्याच्यावर अधिक विश्वास आहे. सुतळीचे एक टोक स्नेअरच्या मधोमध बोटाने दाबून धरावे, दुसरे डाव्या ओव्हरहेडच्या तोंडापर्यंत न्यावे, तिथे गाठ मारावी आणि तीच गाठ उजव्या ओव्हरहेडपर्यंत पोहोचते का ते पाहावे. पोहोचत नसेल तर स्टँड हलवावा. दोन्ही अंतरे सारखी असतील तर स्नेअर दोन्ही ओव्हरहेडमध्ये एकाच वेळी येतो, मधोमध ऐकू येतो आणि त्याचा जवळच्या माईकशी असलेला हिशेब दोन्ही बाजूंना सारखाच राहतो. ड्रमर मात्र जेवणाच्या सुट्टीनंतर बसताना स्नेअरचा स्टँड गुडघ्याने दोन इंच सरकवतोच. म्हणून स्टँडच्या तिन्ही पायांभोवती सतरंजीवर रंगीत टेप लावून ठेवावी आणि सुट्टीनंतर सुतळी पुन्हा धरावी. ‘ताई, आता तरी वाजवू का?’ असे ड्रमर वैतागून विचारतो, तेव्हा ‘अजून दोन मिनिटे, भाऊ’ एवढेच सांगावे. ही दोन मिनिटे वाचवण्यासाठी दिलेली सवलत मिक्स करताना कित्येक पटींनी वसूल केली जाते.

तपासणीचा क्रम असा ठेवावा. सगळे मोनोमध्ये, म्हणजे डावे-उजवे एकत्र करून, ऐकावे, कारण स्टिरिओमध्ये हे दोष लपून राहतात. आधी स्नेअरचे वरचे आणि खालचे माईक आपसांत जुळवावेत. मग ती जोडी ओव्हरहेडसोबत वाजवून दोन्ही ट्रॅक एकदम उलटे-सुलटे करून पाहावेत आणि ज्या स्थितीत खालचा भरणा अधिक ऐकू येईल ती ठेवावी. त्यानंतर किक आणि सर्वांत शेवटी एकेक टॉम घ्यावा. दोन्ही स्थितींत आवाज बारीकच राहत असेल तर बटणाशी खेळत बसू नये, उठून माईक पाच-सात सेंटिमीटर हलवावा. ओव्हरहेडमधला खालचा भाग फिल्टरने कापणार असाल तर ही तपासणी कापल्यानंतर पुन्हा करावी, कारण साधा फिल्टरही आपल्या परीने फेज फिरवतो.

संगणकात ओव्हरहेडचे ट्रॅक ओढून स्नेअरशी जुळवण्याचा सोपा मार्ग अनेक जण सुचवतील. मला तो आवडत नाही. स्नेअर जुळतो हे खरे, परंतु टॉम आणि किक यांचे ओव्हरहेडपासूनचे अंतर निराळे असते. त्यांच्यासाठी हे सरकवणे सोयीचे ठरेल की गैरसोयीचे, ते नशिबावर राहते. त्याहून वाईट सवय म्हणजे मुद्रण कसेही करून नंतर प्रत्येक फटक्याच्या जागी तयार सॅम्पल बसवण्याची. व्यावसायिक कामात सॅम्पल वापरतात आणि त्यात गैर काही नाही, पण शिकणाऱ्याने पहिले वर्षभर त्याला हात लावू नये असे माझे ठाम मत आहे. जो आवाज आपण पकडलेलाच नाही, तो का पकडता आला नाही हे त्याला कधीच कळत नाही.

हे सारे वाचून छातीत धडकी भरली असेल तर एक गोष्ट लक्षात घ्यावी. प्रत्येक माईकची प्रत्येक माईकशी फेज जुळणे निसर्गतः अशक्य आहे आणि जगातल्या उत्तमोत्तम ध्वनिमुद्रणांतही ती तशी जुळलेली नसते. तुम्हाला फक्त स्नेअर आणि किक यांचा भरणा वाचवायचा आहे. नागपूरच्या उन्हाळ्याबद्दलही एक शंका नवखे हमखास विचारतात. पंचेचाळीस अंशांना आवाजाचा वेग वाढून सेकंदाला सुमारे ३५८ मीटर होतो हे खरे आहे, पण एसीच्या खोलीतल्या वेगापेक्षा तो चार टक्क्यांनीही अधिक नसतो. त्याची चिंता सोडून द्यावी.

उन्हाळ्याचा खरा त्रास निराळा आहे. आपल्याकडच्या छोट्या स्टुडिओंत कूलर असतो, आणि टेक चालू असताना तो बंद करावाच लागतो, कारण कंडेन्सर ओव्हरहेड त्याची घरघर इमानदारीने टिपतात. त्यामुळे टेक छोटे घ्यावेत, मध्ये खोली थंड होऊ द्यावी आणि ड्रमरला पाणी द्यावे. मे महिन्यात टेम्पोतून आणलेले किट उतरवल्याबरोबर सुरात लावू नये. प्लास्टिकची हेड ढोलकीच्या चामड्यासारखी दमटपणाने सैल होत नसली तरी तापमानाने त्यांचा ताण बदलतो, म्हणून किट खोलीत तासभर तसेच ठेवावे. सुरात नसलेल्या टॉमवर कोणताही माईक उपाय करू शकत नाही. याविषयी मी एवढेच लिहिते, कारण यात वादाला जागा नाही.

आता माईकच्या जागा. स्नेअरचा माईक रिमच्या आत जेमतेम डोकावेल असा, हेडपासून दोन-तीन बोटे वर आणि मध्याकडे तिरपा रोखलेला ठेवावा. त्याची पाठ हाय-हॅटकडे, म्हणजे पायाने मिटणाऱ्या थाळ्यांच्या जोडीकडे, असावी, कारण मुख्यतः समोरचे ऐकणारा कार्डिऑइड माईक नेमका पाठीमागून बहिरा असतो. समोरचे आणखी अरुंद कोनात ऐकणारा सुपरकार्डिऑइड माईक मात्र थेट पाठीमागून थोडे ऐकतो आणि पाठीच्या दोन्ही अंगांना, सुमारे १२६ अंशांवर बहिरा असतो. म्हणून कार्डिऑइड एसएम ५७ काढून त्याच जागी सुपरकार्डिऑइड बीटा ५७ लावला आणि हाय-हॅट वाढला तर माईकला दोष देण्याआधी त्याचा कोन बदलावा. किकमध्ये माईक बीटरच्या (पायाने चालणाऱ्या हातोडीच्या) जितका जवळ, तितका फटक्याचा ‘टक’ अधिक. पुढच्या हेडकडे आणावा तितका घुमार अधिक. पुढच्या हेडच्या भोकाच्या थेट तोंडाशी मात्र तो ठेवू नये, तिथे हवेचा झोत बसतो. हाय-हॅटचा स्वतंत्र माईक लावलाच तर तो दोन थाळ्यांच्या कडेसमोर नसावा, कारण थाळ्या मिटताना तिथूनही हवा सुटते. पण सुरुवातीला तो लावूच नये. हाय-हॅट सगळ्याच माईकमध्ये नको तितका आलेला असतो.

छताकडे नवखे लोक पाहतच नाहीत. आपल्या घरांचे स्लॅब दहा फुटांवर असतात. ओव्हरहेड उंच चढवत नेला की छतावरून परतलेला आवाज एक-दोन मिलिसेकंदांत त्याच माईकमध्ये शिरतो आणि वर सांगितलेला खळग्यांचा सगळा प्रकार एकाच माईकच्या आत घडतो, ज्याला कोणतेही बटण नाही. किटच्या वर जाड गादी टांगावी किंवा ओव्हरहेड खाली आणावेत. फरशीवर सतरंजी हवीच. गांधीबागेतून आणलेल्या जाड पडद्याच्या कापडानेही भिंतींवरून उलटणारे तीक्ष्ण आवाज बरेच शांत होतात, फक्त किकचा घुमार त्याने आटोक्यात येत नाही.

गेन, म्हणजे माईकचा आवाज किती वाढवून घ्यायचा ते, लावताना ड्रमरला ‘थोडे वाजवून दाखवा’ असे सांगू नये, गाण्यातला सर्वांत जोराचा भाग वाजवायला सांगावा आणि तरीही टोके उणे १२ डेसिबलच्या आसपास ठेवावीत. २४ बिटमध्ये मुद्रण करताना ही मोकळी जागा सोडल्याने काहीही बिघडत नाही, आणि खऱ्या टेकमध्ये तो याहून जोरात वाजवणार हे धरूनच चालावे. माईक हलवताना कानात बोळे घालावेत. स्नेअरपासून एक फुटावर वाकून बसणारे कान पुन्हा विकत मिळत नाहीत.

शिकवणाऱ्यांविषयी माझे मत कदाचित कडवट वाटेल. ‘कान तयार करा’ असे सांगून स्वतःच्या सेटिंगवर हात ठेवणारे उस्ताद मी पुष्कळ पाहिले आहेत, आणि त्यांच्या हाताखाली केबल गुंडाळण्यापलीकडे काही शिकायला मिळत नाही. केबल नीट गुंडाळता यायलाच हवी, हे मान्य. पण जो माणूस स्वतः हेडफोन लावून बसतो, तुमच्या हातात स्टँड देतो आणि ‘जरा डावीकडे, आता थांब, आता तू ऐक’ असे म्हणतो, त्याच्याकडे पगार कमी मिळाला तरी राहावे. असा माणूस मिळाला नाही तरी निराश होण्याचे कारण नाही. एखाद्या ड्रमर मित्राला धरून दोन माईक, एक सुतळी आणि मोनोचे बटण एवढ्यावर रविवारची दुपार काढली, तर यातले बहुतेक सारे स्वतःलाच ऐकू येते. वेळ जरा जास्त लागतो.

काम दुसऱ्याकडे मिक्ससाठी पाठवणार असाल तर कोणता ट्रॅक मुद्रणाच्या वेळीच उलटा केला आहे, ते फाइलच्या नावातच लिहावे. ‘स्नेअर खाली, उलटा’ एवढे पुरते. नाही तर मिक्स करणारा माणूस सवयीने तोच ट्रॅक पुन्हा उलटा करतो, स्नेअरचा भरणा पुन्हा जातो आणि दोघेही फोनवर एकमेकांच्या माईकवर संशय घेत बसतात.