दोन देशांतले दोन वर्ग एका कामाला जुंपायचे तर

परदेशातलं शिक्षण म्हटलं की बॅगा, व्हिसा आणि विमानतळावरचा निरोप आठवतो. युनेस्कोच्या आकडेवारीनुसार २०२२ मध्ये साधारण ६९ लाख विद्यार्थी दुसऱ्या देशात शिकत होते. जगभरात उच्च शिक्षण घेणारे मात्र २६ कोटींच्या घरात आहेत, म्हणजे शंभरांतले तीनही जण बाहेर जात नाहीत. त्यात दारंही मिटत चालली आहेत. जानेवारी २०२४ पासून ब्रिटनने बहुतेक परदेशी विद्यार्थ्यांना कुटुंब सोबत आणायला मनाई केली आणि त्याच महिन्यात कॅनडाने अभ्यास-परवान्यांवर कमाल मर्यादा घातली. घरीच राहणाऱ्या सत्त्याण्णव जणांसाठी काय करायचं, हा प्रश्न घेऊन मी सात वर्षांपूर्वी कॉइलकडे वळले.

कॉइल म्हणजे कोलॅबरेटिव्ह ऑनलाइन इंटरनॅशनल लर्निंग. हे नाव रूढ झालं ते स्टेट युनिव्हर्सिटी ऑफ न्यूयॉर्कमुळे. नाव भारदस्त असलं तरी गोष्ट साधी आहे. दोन देशांतले दोन शिक्षक आपापल्या चालू विषयातले पाच-सहा आठवडे एकत्र करतात आणि मुलं मिश्र गटांत एक काम करतात. नवा अभ्यासक्रम मंजूर करून घ्यावा लागत नाही, नवी नोंदणी लागत नाही. प्रत्येकाला श्रेयांक (क्रेडिट) आपल्याच विद्यापीठाकडून, आपल्याच विषयाचे मिळतात. ही बाजू कमी लेखू नका. पदव्या आणि श्रेयांक एकमेकांनी मान्य करावेत म्हणून १९९७ चा लिस्बन करार आहे, २०१९ मध्ये युनेस्कोने स्वीकारलेला जागतिक करार आहे, आणि तरीही मान्यतेचे कागद महिनोन्‌महिने फिरतात. कॉइलमध्ये त्या वाटेला जावंच लागत नाही.

मी संख्याशास्त्र शिकवते. जोडीदार शोधताना विषय तंतोतंत जुळावा असा हट्ट मी धरला होता आणि वर्ष वाया घालवलं. शेवटी जोडी जमली ती जर्मनीतल्या एका भूगोलाच्या प्राध्यापकाशी. त्याच्याकडे प्रश्न होते, माझ्याकडे पद्धती. तुम्ही विषयापेक्षा माणूस पारखा. सामंजस्य कराराआधी चार-पाच ईमेल होऊ द्या. साध्या प्रश्नाला दहा-दहा दिवस उत्तर येत नसेल, तर ऐन सत्रात काय होईल ते कळलंच. कराराचं मोठं बाड नंतर करता येतं. पहिल्या वेळी विभागप्रमुखांना सांगून ठेवा आणि दोघांनी मिळून एक पानभर टिपण लिहा: तारखा, मुलांची संख्या, कोण काय शिकवणार.

आता कॅलेंडर. इथे सगळ्यांचं घोडं अडतं. जर्मन विद्यापीठांतली हिवाळी सत्राची व्याख्यानं ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होतात. चिलीत शैक्षणिक वर्षच मार्चमध्ये सुरू होतं. दोन्ही सत्रं एकाच कागदावर शेजारी-शेजारी काढा, परीक्षा आणि सुट्ट्या खोडा आणि उरलेल्या पट्टीत काम बसवा. ती पट्टी चार आठवड्यांची निघाली तर चारच आठवड्यांचं काम करा, ताणू नका. घड्याळांकडेही लक्ष असू द्या. अमेरिकेत उन्हाळी वेळ (घड्याळं तासभर पुढे करतात ती) मार्चच्या दुसऱ्या रविवारी सुरू होते, युरोपीय संघात शेवटच्या रविवारी. मधल्या दोन-तीन आठवड्यांत वेळेतलं अंतर तासाभराने सरकतं. याच कारणाने एकदा माझी अठ्ठावीस मुलं रिकाम्या पडद्यासमोर तासभर बसली होती. तेव्हापासून प्रत्येक बैठकीची वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत लिहून खाली दोन्हीकडची स्थानिक वेळ देते. थेट बैठका तीनच ठेवते: ओळख, मधली तपासणी आणि शेवट. बाकीचं काम मुलं आपापल्या वेळेला करतात.

खरी परीक्षा काम ठरवताना असते. पहिल्या वर्षी मी ‘दोन्ही देशांतल्या पाणीवापराची तुलना करा’ असं काम दिलं. मुलं हुशार असतात. निम्मं तिकडच्यांनी केलं, निम्मं आमच्यांनी, आणि आदल्या रात्री दोन्ही तुकडे एका सादरीकरणात चिकटवले. एकमेकांशी बोलणं किती झालं? फाइल कुठे ठेवली, एवढंच. दुसऱ्या वर्षी भूगोलवाल्याने सुचवलं की आकडे अदलाबदल करू. प्रत्येक मुलाने आठवडाभर स्वतःच्या घरातला पाण्याचा वापर मोजायचा, पण त्याचं विश्लेषण समोरच्या देशातल्या जोडीदाराने करायचं. आता विचारल्याशिवाय गत्यंतर नव्हतं. गुरुवारी आकडा तिप्पट का? पाहुणे आले होते. रविवारी शून्य का? मीटर वाचायचाच राहिला. माझ्या एका विद्यार्थ्याने ते शून्य ‘अपवादात्मक मूल्य’ म्हणून काढून टाकलं होतं. जोडीदाराने त्याला झापलं आणि मग दोघांनी मिळून गहाळ नोंदींवर दोन पानं लिहिली. माझ्या व्याख्यानातून गहाळ नोंदी इतक्या कधी कुणाला कळल्या नव्हत्या. तेव्हा काम ठरवताना एकच कसोटी लावा: समोरच्याशिवाय ते पुरं होतं का? होत असेल तर बदला.

भाषेचं दडपण दोन्हीकडे असतं. पूर्वी मुलं मोडक्या इंग्रजीत लिहायची आणि आपसांत हसून सांभाळून घ्यायची. चॅटजीपीटी आल्यापासून निरोप इतके गुळगुळीत झाले की कोण बोलतंय तेच कळेना. बंदी घालून पाहिली, उपयोग झाला नाही. आता अहवालाची भाषा सुधारायला परवानगी आहे, पण आठवड्याला एक निरोप स्वतःच्या आवाजात रेकॉर्ड करून जोडीदाराला पाठवायचा. अडखळला तरी चालेल. मला तर अडखळलेलेच जास्त आवडतात.

तांत्रिक बाजूला फार वेळ घालवू नका. तुमच्याकडे उघडणारी सेवा तिथे उघडते का, एवढं आधी विचारा. चीनमध्ये गूगलच्या सेवा चालत नाहीत. आणि बैठक रेकॉर्ड करायची असेल तर दोन्हीकडच्या मुलांची लेखी संमती घ्या. युरोपात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमांमुळे तिकडचे लोक याबाबत काटेकोर असतात, आणि ते बरोबरच आहे.

गुण ज्याने त्याने आपापल्या मुलांना द्यावेत. गटाचा अहवाल मात्र दोघांनीही वाचून शेरे लिहावेत. शेऱ्यांत आकडे लिहू नका, हे मी ठेच लागून शिकले. जोडीदाराने कौतुकाने माझ्या एका मुलीच्या अहवालावर ‘१’ लिहिलं. जर्मन पद्धतीत १ म्हणजे सर्वोत्तम आणि ५ म्हणजे नापास. ती बिचारी माझ्या खोलीत रडत आली.

एकदा जम बसला की प्रवासाचाही विचार करता येतो. युरोपातल्या इरॅस्मस प्लस योजनेत ऑनलाइन कामाला ५ ते ३० दिवसांची प्रत्यक्ष भेट जोडणारे छोटे अभ्यासक्रम आता आहेत. पण पहिल्याच वर्षी तिकडे धावू नका.

शेवटची बैठक संपली की मुलांना निरोप द्या आणि तुम्ही दोघे शिक्षक त्याच आठवड्यात अर्धा तास बोला. कुठले गट फसले, कुठला आठवडा रिकामा गेला, पुढच्या सत्राच्या तारखा काय. महिनाभर थांबलात तर यातलं निम्मं आठवणार नाही. आम्ही एकदा थांबलो होतो, आणि पाण्याच्या मीटरचं एकक लिटर की घनमीटर हा घोळ पुढच्या वर्षी पुन्हा पहिल्यापासून निस्तरावा लागला.