उपास-प्रार्थनेला बसण्याआधी

लेंटमधली, म्हणजे ईस्टरआधीच्या उपासकाळातली, आपली तीन दिवसांची उपास-प्रार्थना गुरुवारी सुरू होते. मागच्या वर्षी मी पवित्र शास्त्र, वही, चटई सगळं घेऊन वेळेवर पोहोचले, पण तोंडातून शब्द फुटेना. कारण मला ठाऊक होतं. सोलापुरात नळाला पाणी रोज येत नाही. आलं त्या पहाटे शेजारच्या वहिनींनी मोटर लावली, आमची धार करंगळीएवढी झाली आणि मी जिन्यात उभी राहून त्यांना मुलांदेखत नको ते बोलले. म्हणून तयारीतलं पहिलं काम हे धरा: ज्याच्याशी बोलणं बंद आहे, त्याच्या दारात बुधवारी संध्याकाळपर्यंत जाऊन या. राग मनात असताना सूर्य मावळू देऊ नका, असं प्रेषित पौल इफिस शहरातल्या मंडळीला, इफिसकरांना, पत्रात लिहितो आणि लगेच पुढे सैतानाला वाव देऊ नका म्हणतो (4:26-27). मी मागच्या वर्षी दुसऱ्या दिवशी दुपारी सभेतून उठून गेले. ‘वहिनी, त्या दिवशी माझं चुकलं,’ एवढंच बोलले. त्यांनी मोटर काढली नाही. पण संध्याकाळी मला प्रार्थना करता आली.

याच पत्राच्या सहाव्या अध्यायात आपलं झगडणं रक्तामांसाबरोबर नाही असं लिहिलं आहे. तेव्हा प्रार्थनेच्या वहीत शत्रू म्हणून कुणा माणसाचं नाव लिहिलं असेल, सून असो, जाऊ असो, ऑफिसातला साहेब असो, तर ते आधी खोडा. त्याच माणसाचं नाव ‘यांच्यासाठी’ या रकान्यात घ्या.

मग शस्त्रसामग्री, सैतानापुढे टिकायला देवाने दिलेली म्हणून पौल त्याच अध्यायात सांगतो ती. पौलाने ती कंबरपट्ट्यापासून सुरू केली, आणि तो पट्टा सत्याचा आहे. आपणही कामाला लागताना कंबर कसतो, पदर खोचतो. इथे कसायची ती खऱ्याने. घरात न सांगितलेलं कर्ज, मोबाइलमध्ये लपवून ठेवलेलं काही, मंडळीच्या वर्गणीतले वापरलेले आणि अजून न भरलेले पैसे, हे गुरुवारच्या आत एका तरी विश्वासू माणसाजवळ बोला. पाळकसाहेबांशी बोलायला संकोच वाटत असेल तर एखाद्या वडीलधाऱ्या मावशीशी बोला. इफिसातच स्केवा नावाच्या यहुदी याजकाचे सात मुलगे येशूचं नाव घेऊन भुतं काढायला गेले होते. येशूला ओळखतो, पौलही माहीत आहे, पण तुम्ही कोण, असं त्या दुष्ट आत्म्याने विचारलं आणि ते उघडे, घायाळ होऊन त्या घरातून पळाले. मोठ्या आवाजात सैतानाला धमकावणाऱ्या प्रार्थना मला म्हणूनच धास्तीच्या वाटतात. आवाजापेक्षा आत काय दडलं आहे ते त्याला आधी कळतं.

वचन पाठ करा, पण एकच, आणि नीट. आपल्या मंडळीतले एक काका यंत्रमागावर काम करतात. चिठ्ठीवर वचन लिहून ते मागाच्या चौकटीला चिकटवतात. खडखडाटात शेजारच्याचंही ऐकू येत नाही, म्हणून ते मोकळेपणी मोठ्याने म्हणतात. धागा तुटला की माग थांबतो, आणि गाठ मारेपर्यंत ते ओठातल्या ओठात म्हणत राहतात. आठवड्याला एक चिठ्ठी, तेलाच्या बोटांनी काळी झालेली. वचनाच्या वरच्या आणि खालच्या ओळी मात्र जरूर वाचा. चाळीस दिवसांच्या उपासानंतर सैतानाने मोहात पाडायला पाहिलं तेव्हा प्रभू येशूने तिन्ही वेळा जुन्या करारातल्या ‘अनुवाद’ नावाच्या पुस्तकातून उत्तर दिलं, पण सैतानानेही 91 वं स्तोत्र म्हणून दाखवलं होतं. त्यालाही वचन येतं.

विश्वासाच्या ढालीसाठी पौलाने वापरलेला ग्रीक शब्द ‘दार’ या शब्दावरून आला आहे. अंग झाकेल एवढी मोठी, लाकडाची, कातडं चढवलेली अशी ती ढाल असे, आणि शिपाई ती शेजारच्याच्या ढालीला भिडवून उभे राहत. तेव्हा एकटे बसू नका. आजच जोडीदार ठरवा आणि रात्री दोनला फोन केला तर उचलाल का, हे त्यांना स्पष्ट विचारा.

शरीराकडे दुर्लक्ष नको. ऊन आता तापू लागलंय, पाण्याची बाटली प्रत्येकाने आणावी. मधुमेह असणारे, गरोदर बायका, वयस्कर माणसं यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय उपास धरू नये. त्यांनी टीव्ही किंवा मोबाइल सोडावा. बीपीची, साखरेची, मानसिक आजाराची कुठलीही गोळी मनाने बंद करायची नाही. पौलाचा सोबती लूक वैद्य होता आणि पौल त्याला प्रिय म्हणतो. घरात कुणाला आवाज ऐकू येत असतील, झोप उडाली असेल, जीव नकोसा झाला असेल, तर त्याला भूतबाधा म्हणून सभेत पुढे उभं करू नका. आधी मानसोपचार डॉक्टरांकडे न्या. प्रार्थना आपण त्यांच्यासोबत दवाखान्याच्या बाकड्यावर बसूनही करू. मी हे कळकळीने सांगते आहे.

चटया, गाण्याची पुस्तकं, बॅटरी हे तरुण संघ बघेल.

रविवारची तयारी मात्र आत्तापासून हवी. कर्मेल डोंगरावर आग उतरली, संदेष्टा एलीया जिंकला, आणि राणी ईजबेलीच्या एका धमकीने तो रानात पळून झुडपाखाली मरण मागत बसला. देवदूताने त्याला बोल लावला नाही. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाणी दिलं, झोपू दिलं, परत उठवून खायला घातलं. म्हणून रविवारी उपासना झाल्यावर दुपार मोकळी ठेवा, पाहुणे बोलावू नका. उपास ताक आणि मऊ भाताने सोडा. कडक भाकरी आणि शेंगाची चटणी सोमवारी. आणि सोमवारी सकाळी जोडीदाराला फोन करा, तो ठीक म्हणाला तरी रात्री झोप लागली का ते विचारा.