माशीच्या अंगावर लाल मणी दिसले? ओळखताना या चुका टाळा

पावसाळ्यात पुण्यातल्या गच्च्यांवर, कढीपत्त्याच्या किंवा जास्वंदीच्या पानावर हिरवी, धातूसारखी चमकणारी, लांब पायांची माशी बसलेली दिसते. जेमतेम ५-६ मिलिमीटरची. फोटो मोठा केला की कधी तिच्या मानेला, पोटाला लाल-केशरी मणी चिकटलेले दिसतात. हे बहुधा परजीवी कोळी (इंग्रजीत माइट; भिंतीवरचा नेहमीचा कोळी नव्हे) असतात, पण खात्री करण्याआधीच बरेच जण फसतात.

सगळ्यात जास्त घोटाळा होतो तो पंखांमागच्या घुंड्यांचा. माशीला पंखांची एकच जोडी असते. मागच्या जोडीच्या जागी देठावरच्या दोन बारीक, फिकट पिवळसर घुंड्या असतात. उडताना तोल सांभाळण्यासाठी. त्या दोन्ही बाजूंना अगदी एकाच जागी, सारख्याच आकाराच्या दिसतात. कोळी असे शिस्तीत बसत नाहीत: एक मानेवर, दोन पोटाखाली, एखादा पायाच्या सांध्याशी.

चिकटलेलं सगळं परजीवी असतं असंही नाही. शेण-कचऱ्यावरच्या माशांना लटकलेले तपकिरी कोळी बरेचदा नुसते प्रवासी असतात, नव्या ढिगापर्यंत पोचले की उतरतात. लाल मणी मात्र अळीअवस्थेतले असतात. त्यांना आठ नाही, सहाच पाय असतात आणि तोंड माशीच्या कातडीत रुतलेलं असतं. जूनमधला आपला मखमली मृगाचा किडा याच गोतावळ्यातला, त्याचंही बालपण दुसऱ्या कीटकाच्या अंगावर जातं. म्हणून चिमट्याने ओढून काढू नका, माशीलाच इजा होईल.

हिरवी दिसली म्हणून नाव ठरवू नका. हिरव्या गांधीलमाश्या आणि मधमाश्याही असतात, पण त्यांना पंख चार. लांब पायांची ही माशी डोलिकोपोडिडी कुळातली, आपल्याकडे बहुधा कॉन्डिलोस्टायलस या प्रजातीतली. पुढे जात कोणती, ते फोटोवरून सहसा सांगता येत नाही. नराचे बारीक अवयव तपासावे लागतात. कुळापर्यंत पोचलात तरी नोंद उपयोगाची आहे.

फोटो काढताना फ्लॅश बंद ठेवा, ही माशी चमक पडताक्षणी उडते. वरून, बाजूने आणि समोरून असे तीन फोटो घ्या. मेलेली माशी मिळाली तर प्रत्येक माशी वेगळ्या कुपीत, अल्कोहोलमध्ये ठेवा. कोळी सुटून तळाशी पडतात, आणि एका कुपीत दोन माश्या असल्या की कोणता कोळी कोणत्या माशीचा, हे कायमचं हरवतं. आकुर्डीला भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. विचारायला जाल तेव्हा तारीख, जागा आणि झाडाचं नाव सोबत न्या.

आणि कृपा करून कोळीनाशक फवारू नका. गुलाबाच्या पानामागे जाळी करणारा लाल कोळी वेगळा, तो रस शोषतो. इथे तुम्ही माराल ती मावा आणि फुलकिडे खाणारी माशी. तिच्या अंगावरची लाल अळी पोट भरलं की आपणहून गळून मातीत जाते आणि मोठी झाल्यावर स्वतःच लहान कीटक आणि त्यांची अंडी खाते.