बांधावरचे नाकतोडे आणि आभाळातले टोळ: खान्देशसाठी पेरणीआधीचा सल्ला

रोहिणी लागली. बागायती कपाशीची लागवड ठिबकवर उरकत आली आहे, कोरडवाहूवाले मृगाची वाट पाहताहेत. या धावपळीत एक काम दरवर्षी मागे पडते, ते म्हणजे बांध. खरिपात ज्वारी, बाजरी, मका कुरतडणारा नाकतोडा सध्या दिसत नाही, कारण तो अजून अंड्यात आहे, आणि ती अंडी तुमच्या बांधात दोन-तीन इंच खाली पडून आहेत. त्याचा बंदोबस्त सर्वात स्वस्तात आत्ताच होतो. ऑगस्टमध्ये त्याला पंख फुटले की फवारणीचा खर्च वाढतो आणि हाती फारसे लागत नाही.

खरिपातल्या हिरव्या नाकतोड्याची वर्षाला एकच पिढी. मादी पावसाळा सरताना, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरपासून, बांधाच्या आणि पडीक तुकड्याच्या न हललेल्या मातीत पोट खुपसून अंडी घालते आणि वर फेस सोडते. तो फेस वाळून कडक होतो. खुरप्याने बांधाची कड उकरा, हरळीच्या मुळ्यांजवळ बोटाच्या पेराएवढी मातकट पुंगळी सापडेल. वरून ती ढेकळाचा तुकडाच वाटते. नखाने फोडली की आत पिवळसर, भाताच्या दाण्यासारखी लांबट अंडी एकाला एक चिकटून तिरपी रचलेली दिसतात. अशा पुंगळ्या एका जागी तीन-चार निघाल्या, तर त्या बांधाकडे यंदा दुर्लक्ष करू नका.

करायचे काय, तर बांधाच्या दोन्ही कडा आणि माथ्यावरचे गवत कुदळीने दोन-तीन इंच मातीसह खरडून घ्यायचे. पुंगळी उघडी पडली की मेच्या उन्हात अंडी सुकतात, उरलेली साळुंक्या, कोतवाल आणि बगळे वेचतात. खरडणी त्या वरच्या थरापुरतीच ठेवा. उताराच्या रानात बांध खणून मोकळा केला तर पहिल्याच वळवाला माती नाल्यात जाईल, आणि ते नुकसान नाकतोड्यापेक्षा मोठे. बांध पेटवून देणाऱ्यांनी तर ऐकाच: जाळ वरून जातो, खालच्या अंड्यांना फारशी झळ लागत नाही, शेजारच्या केळीच्या बागेला मात्र लागू शकते. नांगरट झाली नसेल आणि जमीन वाफशावर नसेल, तर निदान वखराच्या दोन पाळ्या द्या. पडीक तुकडा असेल तर तिथे आधी.

पहिला दमदार पाऊस झाला की पिल्ले बाहेर पडतात. सुरुवातीला ती पिकात येत नाहीत, बांधावरच्या कोवळ्या गवतावर घोळक्याने बसतात. पेरणीनंतरचे दोन-तीन आठवडे सकाळी बांधावरून एक फेरी मारा. पायासमोरून मोहरीएवढे किडे टणाटण उडाले, की फवारा फक्त बांधावर आणि कडेच्या चार-पाच ओळींवर. सगळे शेत भिजवायची गरज नाही. कपाशीत तर पहिले दोन महिने कडक औषध जितके टाळाल तितके बरे, कारण ढालकिडे आणि क्रायसोपा हे मित्रकिडे मेले की तुडतुडे आणि फुलकिडे डोके वर काढतात.

आता कोणता किडा कोणता ते पाहू, कारण व्हॉट्सअॅपवर सगळ्यांनाच टोळ म्हणायची पद्धत पडली आहे. दीड-दोन इंची, हिरवा-पिवळसर, मानेच्या पाटीवर आडव्या काळ्या रेघा असलेला तो खरिपाचा नाकतोडा. त्याच्याबद्दल वर लिहिलेच आहे. दुसरा जेमतेम पाऊण इंचाचा, खडबडीत, अगदी मातीच्या रंगाचा, हलला नाही तर दिसतच नाही. हा कपाशीचे दोन पानांवर आलेले रोप बुंध्याशी कापतो. नांग्या, म्हणजे ओळीत रिकाम्या जागा, पडल्या की लोक वाणी किड्याला किंवा खारीला दोष देतात. खात्री करायची तर उन्हे चढल्यावर ओळीतून चालत जा, ढेकळाच्या आडून टुणकन उडतो. त्याला पिढ्यांचे बंधन नाही, रब्बीत हरभऱ्यावरही येतो. दख्खनच्या ज्वारी पट्ट्यात बिनपंखी नाकतोडाही आहे. एल. सी. कोलमन या कीटकशास्त्रज्ञाने 1911 मध्ये म्हैसूर संस्थानात त्याच्यावर सविस्तर लिहिले, आणि त्याच्या शास्त्रीय नावातही कोलमनचे नाव आहे. तो उडूच शकत नसल्याने अंड्यांची जागा मोडली की त्याचा पुढचा डाव संपतो.

चौथा सर्वात देखणा आणि सर्वात जास्त भीती घालणारा. रुईच्या झुडपावर बसलेला, निळ्या अंगावर पिवळे पट्टे. याचे फोटो फिरू लागले की धुळ्याकडे लगेच विचारणा सुरू होते, "भाऊ, टोळ उनात का?" नाही आले. हा रुईचा चीक पचवून त्यातले विष अंगात साठवतो, म्हणून पक्षीही त्याच्या वाटेला फारसे जात नाहीत. हाताळला तर कडवट फवारा सोडतो. रुई संपली तर क्वचित शेजारच्या पिकावर, पपईवरही चढतो. शहाद्याकडे पपईच्या कडेला रुई माजली असेल तर ती काढा. एरवी त्याच्यावर औषधाचा पैसा घालू नका.

खरा टोळ वेगळा कशाने? वाळवंटी टोळ एकटा असेल तर साधा नाकतोडाच. पाऊस चांगला होऊन संख्या वाढली आणि नंतर चारा आकसला, की ते दाटीत येतात, एकमेकांच्या मागच्या पायांना घासतात, शरीरात सेरोटोनिन हे रसायन वाढते आणि काही तासांत त्यांची वागणूक पालटते. मग रंग बदलतो, थवा होतो. टोळाची अशी दोन रूपे एकाच जातीची असतात, हे कीटकशास्त्रज्ञ बोरिस उवारोव्ह यांनी 1921 मध्ये मांडले, आणि सेरोटोनिनचा दुवा 2009 मध्ये सापडला. आपल्या बांधावरचे नाकतोडे कितीही माजले तरी असा थवा बांधून परजिल्ह्यात जात नाहीत. म्हणून बांधावर दाटी दिसली की घाबरून फोन करण्यापेक्षा कुदळ घ्या.

थवा मात्र थट्टेचा विषय नाही. एक चौरस किलोमीटरच्या थव्यात 4 ते 8 कोटी टोळ असू शकतात आणि एका दिवसात ते सुमारे 35,000 माणसांचे अन्न फस्त करतात. वाऱ्याबरोबर दिवसाला 150 किलोमीटरपर्यंत जातात. मे 2020 मध्ये राजस्थान, मध्य प्रदेश करत ते अमरावती-नागपूरकडे उतरले, म्हणजे सातपुडा त्यांना आडवा येत नाही. आपल्या बाजूचा, मुंबईच्या नावाने ओळखला जाणारा टोळ 1901 ते 1908 या काळात धुमाकूळ घालून गेला. त्यानंतर त्याची तशी धाड नाही.

जगभर या किड्यांशी लढताना निर्णायक जागा मातीच ठरते. अमेरिकेत रॉकी पर्वताच्या टोळांचा 1875 चा थवा सुमारे 5 लाख चौरस किलोमीटरचा होता असा अंदाज आहे, म्हणजे आख्ख्या महाराष्ट्रापेक्षा मोठा. तीच जात 1902 नंतर जिवंत दिसलेली नाही. अभ्यासकांचे एक मत असे, की वसाहतवाल्यांनी डोंगरखोऱ्यातल्या नदीकाठच्या जमिनी नांगरल्या, ओलिताखाली आणल्या, आणि अंड्यांच्या जागाच गेल्या. ऑस्ट्रेलियात पिल्लांच्या झुंडी उडू लागण्याआधीच गाठण्यावर भर असतो. दक्षिण आफ्रिकेच्या कारू भागातल्या तपकिरी टोळाची अंडी मात्र पाऊस येईपर्यंत कोरड्या मातीत वर्षभराहूनही जास्त तग धरतात. चीनच्या शिंजियांगमध्ये टोळ खायला भोरड्या याव्यात म्हणून त्यांच्या घरट्यांसाठी मुद्दाम दगडांचे ढीग रचतात. दादर ज्वारी हुरड्यात आली की आपण गोफण घेऊन जिच्या मागे धावतो, तीच ही भोरडी! दादर राखायचीच, पण त्या पाखराला निव्वळ चोर समजू नका.

औषधांत माझी पहिली पसंती निंबोळीला. सुदानमध्ये 1959 साली टोळांनी बाकी हिरवे संपवले आणि कडुनिंब तेवढा सोडला, हे जर्मन कीटकशास्त्रज्ञ श्मुटेरर यांनी पाहिले. तिथून कडुनिंबावरच्या संशोधनाला जोर आला. निंबोळी यंदाच जमवा, पाऊस लागला की ती कुजते. 5 किलो वाळलेली निंबोळी जाडसर कुटून रात्रभर 10 लिटर पाण्यात भिजवा, सकाळी गाळा, 200 ग्रॅम साबणचुरा मिसळून 100 लिटर करा. हा 5 टक्के अर्क त्याच दिवशी, ऊन उतरल्यावर मारा. याने किडा पटकन मरत नाही, पान खायचे थांबवतो. पिल्ले लहान असताना तेवढे पुरते. दुकानात हुमणीसाठी मिळणारी मेटारायझियम बुरशी यासाठी घेऊ नका. आफ्रिकेत टोळांवर वापरतात ती याच कुळातली, पण वेगळी जात आहे. रासायनिक औषध लागलेच, तर लेबलवर पीक आणि कीड दोन्ही लिहिलेले पाहा, आणि मामुराबाद, पाल, धुळे किंवा नंदुरबारच्या कृषी विज्ञान केंद्राला विचारून मात्रा ठरवा. कोंड्यात विष कालवून बांधावर टाकायचा जुना प्रकार, गुरे चरायला सुटतात त्या गावात नकोच.

खराच थवा आला तर दिवसा थाळ्या, डबे, ट्रॅक्टरचा आवाज करून तो बसू न देणे ठीक, पण त्याने टोळ मरत नाहीत, शेजाऱ्याकडे जातात. महत्त्वाची वेळ संध्याकाळची. अंधार पडताना थवा झाडांवर उतरतो आणि उन्हे वर येईपर्यंत जड बसून राहतो. तेव्हा त्याला हुसकू नका. गट नंबर, थव्याचा अंदाजे विस्तार आणि आला ती दिशा तालुका कृषी अधिकाऱ्याला रात्रीच कळवा. फवारणी पहाटे, ऊन तापायच्या आत झाली पाहिजे. ट्रॅक्टरचा ब्लोअर कोणाकडे आहे आणि टाकीला पाणी कुठून भरायचे, एवढे गावात आधीच ठरवून ठेवा.