स्मूदनिंग केलेले केस सोडून मूळच्या कुरळ्या केसांकडे कसं यायचं

आधी वाईट बातमी सांगून टाकते. रिबाँडिंग किंवा पर्मनंट स्मूदनिंग झालेला केस परत कुरळा होत नाही. तेलाने नाही, कांद्याच्या रसाने नाही, महागातल्या महाग हेअर मास्कनेही नाही. कुरळं जे काही येणार ते मुळापासून नवीन उगवणार आणि सरळ केलेला भाग कधी ना कधी कात्रीखालीच जाणार. तो एका दमात घालवायचा की थोडा थोडा, आणि तोपर्यंत दोन तऱ्हेचे केस एकाच डोक्यावर न तुटता कसे सांभाळायचे, एवढाच काय तो प्रश्न आहे.

तर पहिलं काम, आपल्या केसांवर नक्की काय केलं होतं ते शोधून काढा. पार्लरमध्ये नावं इतकी आहेत की कुणाच्याच लक्षात राहत नाहीत, स्मूदनिंग, स्ट्रेटनिंग, रिबाँडिंग, केरॅटिन, सिस्टीन, बोटॉक्स, नॅनोप्लास्टिया, आणि काउंटरवरची मुलगी सगळ्याला "मॅडम, सेमच असतं" म्हणते. सेम नसतं. रिबाँडिंग आणि स्मूदनिंगमध्ये बहुतेक वेळा थायोग्लायकोलेटची क्रीम लावतात. केसातल्या केरॅटिनला आकार देणारे सल्फरचे बंध ती तोडते, मग केस धुऊन प्रेसिंग मशीनने एकदम सपाट करतात आणि न्यूट्रलायझर लावून ते बंध त्या सरळ आकारातच परत जोडून टाकतात. हे कायमचं. केरॅटिन, नॅनोप्लास्टिया वगैरे मात्र धुण्याधुण्यात उतरत जातं, तीन ते सहा महिन्यांत बऱ्याच जणींचे कर्ल परत दिसायला लागतात आणि कापायची वेळच येत नाही, फक्त त्या वेळी मशीनचा ताप जास्त लागला असेल तर तेवढा भाग मेलेलाच राहतो. (आणि बोटॉक्समध्ये ते इंजेक्शनवालं बोटॉक्स नसतं हो, नुसतं नाव.)

अमेरिकेत आणि आफ्रिकेत ज्याला रिलॅक्सर म्हणतात ते याहून जहाल प्रकरण, त्यातल्या काहींत सोडियम हायड्रॉक्साइड असतं, म्हणजे आपला कॉस्टिक सोडा. हा जो ट्रान्झिशनिंग (हळूहळू वाढवत, कापत जाणं), बिग चॉप (एकदम कापून टाकणं) वगैरे शब्दांचा सगळा संसार इंटरनेटवर दिसतो तो तिथल्या कृष्णवर्णीय बायकांनी उभा केलाय. त्यांच्याकडे तो केसांपुरता मामला नव्हताच, नोकरीवर, शाळेत नैसर्गिक केस चालवून घेत नव्हते म्हणून भांडावं लागलं, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियाने केसांवरून भेदभाव करायला बंदी घालणारा क्राउन अ‍ॅक्ट नावाचा कायदाच केला. त्यांचे व्हिडिओ जरूर बघा, दोन टेक्स्चर एकत्र सांभाळण्याचं ज्ञान त्यांच्याइतकं कुणाकडे नाही. पण त्यांच्या केसाला जेवढं जाड बटर आणि तेल लागतं तेवढं आपल्या बहुतेक वेव्ही-कर्ली केसांना झेपत नाही, चपटे आणि तेलकट होऊन बसतात, तेव्हा पद्धत उचला, प्रॉडक्ट नको.

आता हिशोब. केस महिन्याला साधारण एक ते सव्वा सेंटीमीटर वाढतो, म्हणजे वर्षाला पाच-सहा इंच. कुरळा केस आक्रसतो, त्यामुळे वर्षभराने ओढून बघाल तर हनुवटीपर्यंत येईल आणि सोडला की कानाशी जाऊन बसेल. खांद्यापर्यंतचे सगळे मूळचे केस हवे असतील तर दोन वर्षं, कदाचित अडीच, धरूनच चला.

एकदम कापायचे की हळूहळू, याचं उत्तर सोपं आहे, आरशात छोटे केस बघायची तयारी असेल तर चार-पाच इंच नवीन केस येईपर्यंत थांबा आणि एकदाच कापून टाका. अर्धी डोकेदुखी तिथेच संपते. पण सगळ्यांना ते जमत नाही आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. घरात लग्न असतं, आज्जी "बाईच्या जातीला केस हवेत गं" म्हणून डोळे पुसते, किंवा आपलाच जीव होत नाही. मग दर दोन-अडीच महिन्यांनी इंच-दीड इंच कापत जायचं. मधला मार्ग म्हणजे सुरुवातीलाच एकदम खांद्यापर्यंत आणायचे आणि तिथून पुढे हळूहळू, मला विचाराल तर हाच सगळ्यात शहाणपणाचा, कारण लांब सरळ शेपट्यांचं वजन गेलं की वरच्या कर्लला उठायला जागा मिळते.

हळूहळूवाल्यांनी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवायची, ती म्हणजे जोड. जिथे नवीन कुरळा केस संपतो आणि जुना सरळ सुरू होतो ती जागा. तिथे केसाची दोन वेगळी स्वभावाची टोकं एकमेकांना ओढत असतात आणि तुटतो तो तिथेच. त्यामुळे कोरड्या केसांत कंगवा फिरवायचा नाही. बारीक दातांची फणी तर कपाटात ठेवून द्या. केस ओले, त्यात भरपूर कंडिशनर, आणि मग आधी बोटांनी गुंता सोडवायचा, नंतर मोठ्या दातांचा कंगवा, आणि तोही खालच्या टोकापासून सुरू करून वर वर. वरून खाली खसकन ओढलं की जोडावरून केस हातात येणार. ओला केस जास्त ताणला जातो आणि ताणला की तुटतोही लवकर, म्हणून कंडिशनर नसताना ओल्या केसांना कंगवा लावूच नका. टॉवेलने खसाखसा पुसणं बंद, जुना सुती टीशर्ट किंवा पंचा घ्या आणि नुसतं दाबून पाणी टिपा. झोपताना सॅटिनचा अभ्रा, नाहीतर आईची जुनी सिल्कची साडी उशीला गुंडाळा, तेवढंच काम करते.

तेलाबद्दल. आपल्याकडे तेल म्हणजे श्रद्धेचा विषय आहे त्यामुळे जपून बोलते. खोबरेल तेल खरंच उपयोगाचं आहे, २००३ मध्ये मुंबईतल्या दोन संशोधकांनी खोबरेल, सूर्यफूल आणि मिनरल ऑइल तपासून दाखवलं की धुण्याआधी-नंतर लावलं तर केसातलं प्रोटीन कमी जातं ते खोबरेलानेच, कारण ते केसाच्या आत शिरतं. (ते दोघं तेल विकणाऱ्या कंपनीतलेच होते, हेही लक्षात असू द्या.) म्हणजे न्हायच्या आधी तास-दोन तास टोकांना आणि जोडाला लावायचं. पण तेलाने केस लवकर वाढतात, कुरळे परत येतात, हे काही होत नाही. आणि रविवारी चापून तेल लावून मंगळवारपर्यंत तसंच ठेवायचं आणि मग ते काढायला दोनदा कडक शाम्पू, याने केलेलं सगळं पाण्यात जातं.

शाम्पू आठवड्यातून एक-दोनदा, सौम्य, फक्त टाळूला. खालच्या केसांना फेस वाहून जातो तेवढा पुरे. शिकेकाई चालते, रिठ्याचं प्रमाण कमी ठेवा कारण केस फार कोरडे पडतात आणि ट्रीटमेंटवाला भाग आधीच वाळलेला असतो. मेंदी या काळात टाळलेली बरी, आणि बाजारातली काळी मेंदी तर नकोच, तिच्यात बऱ्याचदा केसांच्या डायमधलंच पीपीडी नावाचं रसायन असतं.

आणि पाणी! याकडे कुणी बघतच नाही. मुंबईत तलावांचं पाणी येतं ते त्या मानाने मऊ, पण पुण्याच्या कडेच्या सोसायट्यांत बोअर आणि टँकरवर भागवतात, मराठवाड्यात तर विचारूच नका, तिथल्या जड पाण्याचे क्षार केसांवर बसत जातात आणि मग कितीही कंडिशनर लावा, केस काथ्यासारखे. बादलीच्या कडेला पांढरा थर बसत असेल तर तुमचं पाणी जड आहे. महिन्यातून एकदा ईडीटीए असलेला चिलेटिंग (म्हणजे केसांवरचे क्षार काढणारा) शाम्पू वापरा, किंवा निदान शेवटचा तांब्या प्यायच्या फिल्टरच्या पाण्याचा घ्या. लंडनला गेलेल्या मैत्रिणींनो, तुमचंही पाणी जडच आहे.

सगळ्यात चिडचिडीचा काळ चौथा ते आठवा महिना. वर फुगलेलं, खाली काड्या, फोटोत डोकं मशरूमसारखं. या काळात केस मोकळे सोडायचा हट्ट धरू नका. सरळ भागालाच खोटे कर्ल द्यायचे, आणि तेही गरम मशीनशिवाय. केस ऐंशी टक्के वाळले की थोडं जेल लावून चार-सहा वेण्या घालून झोपा, सकाळी पूर्ण वाळल्यावरच सोडा, ओलसर असताना सोडल्या तर सगळं मुसळ केरात. वेणीचं टोक सरळच राहत असेल तर ते कापडाच्या पट्टीवर गुंडाळून बांधा. ऑफिसच्या दिवशी सागरवेणी किंवा सैल अंबाडा, दोन्हीत जोड लपून जातो. सैल म्हणजे सैलच, रोज घट्ट पोनीटेल बांधून कपाळावरची रेषा मागे सरकली तर ते केस परत यायचा भरवसा नसतो.

जेल घरी होतं. पाव कप जवस, दोन कप पाणी, मंद आचेवर ढवळत राहायचं, अंड्याच्या पांढऱ्या बलकासारखी तार आली की लगेच गॅस बंद आणि गरम असतानाच गाळायचं, थांबलात की ते गाळणीतून खाली उतरायचं नाव घेत नाही. पातळ मलमल किंवा जुना धुतलेला स्टॉकिंग सगळ्यात सोपा. फ्रीजमध्ये आठवडाभर टिकतं, वास बदलला की फेकून द्या. ओल्या केसांना लावून मुठीत चुरगळायचं, वाळलं की केस कडक होतात, घाबरू नका, हाताला थेंबभर तेल लावून परत चुरगळले की मोकळे होतात. कोकणात-मुंबईत पावसाळ्यात ग्लिसरीनवालं काही लावाल तर केस हवेतलं पाणी ओढून फुगतात, आणि नागपूरच्या मे महिन्यात उलट, तेव्हा प्रॉडक्टच्या मागची यादी वाचायची सवय लावा.

इथेच टच-अप करून घ्यायची लहर येते. पार्लरमध्ये नुसत्या भुवया करायला जा, "मॅडम रूट्स किती फ्रिझी झालेत, ऑफर चालू आहे" सुरू. त्या वेळी आठवायच्या दोन-तीन गोष्टी सांगते. फॉर्मल्डिहाइड, जे काही केरॅटिन ट्रीटमेंटमध्ये असतं किंवा मशीनच्या उष्णतेने तयार होतं, ते जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेच्या यादीत माणसाला कॅन्सर करणाऱ्या पदार्थांत आहे. २०२२ मध्ये अमेरिकेतला तेहेतीस हजारांवर बायकांचा अभ्यास आला, त्यात वर्षात चारपेक्षा जास्त वेळा स्ट्रेटनर (मशीन नव्हे, केस सरळ करायची केमिकलं) वापरणाऱ्यांमध्ये गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण जास्त दिसलं, सत्तर वर्षांपर्यंतची शक्यता न वापरणाऱ्यांत १.६४ टक्के आणि त्यांच्यात ४.०५ टक्के. यावरून स्ट्रेटनरमुळेच होतो असं सिद्ध होत नाही, आणि एकदा स्मूदनिंग केलं म्हणून रात्री जागायची गरज नाही. फॉर्मल्डिहाइड-फ्री म्हणून ग्लायऑक्झिलिक अ‍ॅसिडवाली क्रीम विकतात, तिच्यानंतर किडनीला इजा झाल्याच्या केसेसही डॉक्टरांनी नोंदवल्यात. बाकी, परत टच-अप म्हणजे घड्याळ परत शून्यावर, हे एवढंच कारण मला तरी पुरेसं वाटतं.

नातेवाइकांचं काय करायचं ते तुमचं तुम्ही बघा. "झिंज्या बांध गं", "आजारी आहेस का", हे येणारच. लहानपणीचा फोटो दाखवून आई म्हणेल तुझे असे कुरळे नव्हतेच, तर वयात येताना केसांचा पोत बदलतो, त्यामुळे फोटोशी ताडून बघू नका. शेजारणीच्या कर्लशी तर नकोच. कुणाला ३बी (म्हणजे चांगले गोल वळलेले कर्ल) येतील, कुणाला नुसत्या लाटा, आणि एकाच डोक्यावर पुढे एक नि मागे भलतंच असंही असतं.

केस गळतात का तुटतात हे मात्र ओळखायला शिका. गळलेल्या केसाच्या एका टोकाला पांढरा बारीक ठिपका असतो, मुळाचा, असे दिवसाला पन्नास ते शंभर गेले तर काही बिघडत नाही. ठिपका नसलेले आखूड तुकडे पडत असतील तर ते जोडावरून तुटतायत, म्हणजे कापायची वेळ आली किंवा हात जड पडतोय. टाळूला खाज, फोड, चट्टे, किंवा भांग रुंद होत चाललाय असं दिसलं तर स्किनच्या डॉक्टरकडे जा, पार्लरमध्ये नाही.

शेवटचा कट कसा करायचा ते नीट बघून घ्या, कारण इथे हमखास गडबड होते. घरी केस धुवा, कंडिशनर लावा आणि ओले असतानाच नीट बघा, कुरळा भाग लगेच वळतो आणि सरळ टोक काडीसारखं लटकत राहतं, जोड स्पष्ट दिसतो. पार्लरमध्ये जाऊन कापणाऱ्याला तोच जोड दाखवायचा आणि सांगायचं की लेव्हल नको, प्रत्येक बट तिच्या जोडाच्या जरा वर काप. ब्लो ड्राय करून सरळ ओढून कापायला निघाला तर थांबवा, तसे कापले की घरी आल्यावर एक बाजू कानावर आणि दुसरी खांद्यावर. थिनिंगची कात्री लावू देऊ नका. आणि "फिनिशिंगला जरा प्रेसिंग करून देऊ का" विचारेल, त्यालाही नाही म्हणा, ओलेच केस घेऊन घरी या.